गिनतीचं कोणी विचारलं नाही

आम्हाला डॉक्टरने फसवलं. मला आणि माझ्या नवऱ्याला, दोघांनाही. फी त्याने जास्त घेतली नाही. घासाघीस करून ती मीच कमी करून घेतली होती. औषधही खरं होतं. त्याने फसवलं ते गप्प बसून. एक गोष्ट त्याला पक्की माहीत होती आणि ती त्याने आमच्यापासून दाबून ठेवली. ती मला कळायला आठ महिने लागले, आणि तोवर माझ्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सुरतेत प्लेगची साथ येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. आम्ही भेस्तानला दोन खोल्यांत राहत होतो. मी साड्या विकायचे. दुकान नव्हतं, मार्केटमधून माल उचलायचा, गठडी बांधायची आणि भेस्तानपासून कामरेजपर्यंत सोसायट्यांचे जिने चढायचे. सहा साड्यांवर सुरुवात केली होती आणि मला कोणी हात दिला नव्हता. मला राग लवकर येतो आणि माणसावर विश्वास उशिरा बसतो. धंद्यात या दोन्ही गोष्टींनी माझं भलंच केलं. गिऱ्हाईक "बेन, बीजे तो सस्ती मळे छे", दुसरीकडे स्वस्त मिळते, म्हणालं की मी काही न बोलता गठडी बांधायला घ्यायचे. तिसऱ्या पायरीवर हाक येणार हे मला ठाऊक असायचं. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं कळतं, असा माझा समज होता.

माझे हे कडोदऱ्याच्या एका लूम कारखान्यात राच भरायचे. ज्यांना ते काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कापड विणायच्या आधी बीमवरचा, म्हणजे मोठ्या रुळावर गुंडाळलेला, प्रत्येक धागा एका बारीक डोळ्यातून ओवावा लागतो. असे हजारो डोळे चौकटींवर ओळीने लावलेले असतात. त्या चौकटींना इथे राच म्हणतात. कोणता धागा कितव्या चौकटीत जातो यावर कापडावरची नक्षी ठरते. दोन माणसं समोरासमोर बसतात. मागे बसलेला धागा सुटा करून पुढे धरतो, पुढे बसलेला हुकाने तो डोळ्यातून ओढतो. पुढे बसलेल्याच्या डोक्यात गिनती चालू असते. एक, पाच, दोन, सहा, तीन, सात, चार, आठ, मग डिझाइनप्रमाणे उलटी. एखादा धागा चुकीच्या चौकटीत गेला तर ओढताना काहीच कळत नाही. लूम चालू झाला की कापडावर रेघ उमटते, आणि बीम संपेपर्यंत ती रेघ जात नाही. निघेल त्या प्रत्येक साडीवर तीच.

यांची रेघ कधी आली नव्हती. हे कागद बघायचे नाहीत. एकदा डिझाइन नजरेखालून गेलं की गिनती डोक्यात बसायची, आणि मग समोरच्याशी गप्पा मारत, तंबाखू दाढेत धरून, हात न थांबवता ओढायचे. कारखान्यात यांना सगळे मास्तर म्हणत. अकरा वर्षांत यांनी तेवढंच एक नाव कमावलं होतं, आणि ते मला माझ्या सगळ्या साड्यांपेक्षा भारी वाटायचं. तसं मी कधी बोलून दाखवलं नाही, ती गोष्ट वेगळी.

त्या वर्षी हे आजारी पडले. आधी बोलणं कमी झालं. मग झोप उडाली, जेवण सुटलं. आंघोळीला गेले की बराच वेळ पाण्याचा आवाजच यायचा नाही, आणि बाहेर यायचे तेव्हा डोळे लाल. मला पहिला संशय दारूचा आला. तोंडाचा वास घेऊन पाहिला, नव्हता. दुसरा संशय बाईचा. तो फेडायला मी एकदा तोंडावर पदर ओढून शटल रिक्षातून यांच्या मागे कडोदऱ्यापर्यंत गेले. हे चौकात उतरले आणि बंद पानगादीच्या फळीवर बसले. अर्धा तास नुसते बसले. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. मी म्हटलं, बाई असती तर परवडलं असतं, निदान भांडायला समोर कोणी असतं. पुढे यांनी कामावर जाणंही सोडलं. गावाहून सासूबाईंचा निरोप आला की कोणीतरी काहीतरी केलंय. मी उलट निरोप पाठवला, करणाऱ्याचं नाव सांगा, मी जाऊन बघते.

शेवटी शेजारणीने शहरातल्या एका डॉक्टरचं नाव दिलं. तो हिंदीत बोलायचा. मी इथे मराठीत लिहिते. त्याने यांना दहा मिनिटं विचारलं आणि मला म्हणाला, "उदासीचा आजार आहे. गोळ्या नियमित घ्या. तीन-चार महिन्यांत माणूस पहिल्यासारखा होईल."

"पहिल्यासारखा?"

"हो, पहिल्यासारखा."

व्यापाऱ्याकडून भाव मी नेहमी दोनदा वदवून घेते. इथेही घेतला.

दर पंधरा दिवसांनी आम्ही जायचो. डॉक्टर तीनच गोष्टी विचारायचा. झोप लागते का? भूक लागते का? रडू येतं का? तोंड कोरडं पडतं अशी यांची तक्रार असायची, त्यावर तो पाणी पीत जा म्हणायचा. तिसऱ्या महिन्यात तिन्ही उत्तरं चांगली आली. हे दोन भाकरी खायला लागले, रात्री घोरायला लागले. शेजारीण म्हणाली, "हवे तो भाई सारा थई गया." आता बरे झाले. खरंच सगळ्यांना तसं दिसत होतं. डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता मला म्हणाला, "बघा, झालं की नाही?" मी मान डोलावली. हे कामावर परत गेले.

आणि इथून माझा संशय खरा सुरू झाला.

आजारी माणसाकडून मी काही मागितलं नव्हतं. आता हे बरे होते, डॉक्टरच म्हणत होता. मग मी साबुदाणा आणि हिंग आणायला पाठवलं तर हे रिकाम्या हाताने का येत होते? घरात आम्ही अहिराणी बोलतो, इथे बहुतेक मराठीतच लिहिते. साबुदाणा कुठे म्हणून मी विचारलं, "काय व्हयनं? साबुदाना कथा शे?"

"भुली गऊ."

"दुकान भुली गयात का साबुदाना?"

हे म्हणाले, "दुकानात गेलो. त्याने काय पाहिजे विचारलं. तेव्हा गेलं."

"गेलं म्हणजे? उडून गेलं?"

"तसंच म्हण."

मला वाटलं, चेष्टा करतात. दूध उतू जायचं तेव्हा हे चुलीपाशीच उभे असायचे. मी एक वाक्य बोलत असले की निम्म्यात म्हणायचे, "परत सांग." मी परत सांगायचे, आवाज चढवून. त्याने आणखीच बिघडायचं. आणि हाच माणूस शेजारच्या माणसाला सात वर्षांपूर्वीच्या एका डिझाइनची गिनती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवत होता! ते मी उंबऱ्याआडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. सात वर्षांपूर्वीचं आठवतं आणि कालचं आठवत नाही, हे कुठल्या बाजारात चालतं?

मी माझ्या परीने कारण शोधलं. आजारात हे दोन-तीनदा म्हणाले होते, गावाला जाऊ, तिथे राहू. गावाला गेले असते तर माझा धंदा संपला असता. तिथे कोण माझ्याकडून साडी घेणार होतं? मला वाटलं, सरळ सांगून मी ऐकणार नाही हे यांना ठाऊक आहे, म्हणून हा मार्ग. काम बिघडवायचं, कारखान्याने काढायचं, मग बिचारा चेहरा करून गावाची गाडी पकडायची. एकदा हे डोक्यात बसलं की सगळं त्यात नीट बसत गेलं. साबुदाणासुद्धा.

कारखान्यातून बोलावणं आलं ते मेहताजीचं. म्हणजे तिथला कारभारी. म्हातारा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. म्हणाला, यांच्यासमोर बसणारा ओडिया माणूस आता बसायला तयार नाही. मास्तर मध्येच थांबतात, कुठवर आलो विचारतात, मग मागचं सगळं उपसून पुन्हा भरायला लागतं. तो ओडिया तिथेच उभा होता. मला म्हणाला, "भाभी, मास्तर का दिमाग पंक्चर है. मैं कितनी हवा भरूँ?"

मी त्याला असं काही सुनावलं की तो पाणी प्यायला निघून गेला. मग मी मेहताजीशी सौदा केला. नव्या डिझाइनचं बीम लागलंय, ते यांना भरू द्या. समोर मी बसते, मला काही नको. नीट झालं तर मास्तर राहतील. तो बराच वेळ चष्म्याचा दोरा ओढत बसला. "आ छेल्लो मोको छे, बेन," म्हणाला. ही शेवटची संधी. मी म्हटलं, एकच पुरेल.

हे नको म्हणत होते. मी म्हटलं, "कागद माझ्या मांडीवर ठेवते. मी आकडा म्हणते, तुम्ही ओढा. डोक्यात काही ठेवायचंच नाही. आता तरी काय अडचण?" यांनी हुक उचलला.

लूमच्या आवाजापासून जरा बाजूला, पत्र्याच्या आडोशाला आम्ही बसलो. पहिला दिवस चांगला गेला. मी धागा पुढे धरायचे, आकडा म्हणायचे, हुक यायचा, धागा जायचा. हात तेच होते, पूर्वीचे. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी अशी आहे की माल चांगला निघाला तरी का निघाला म्हणून उलटून बघते. मला वाटलं, बघा, येतंय की सगळं. मी समोर आहे म्हणून ढोंग करता येत नाहीये.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा झाल्यावर मी यांची परीक्षा घेतली.

कागदावर दोन होता. मी म्हटलं, "तीन."

पूर्वीचे हे असते तर कागद न बघता ओरडले असते. आता हुक अर्ध्यात थांबला. यांनी मान वर केली. धाग्यांच्या जाळीतून यांचे डोळे नीट माझ्या डोळ्यांवर आले. एक क्षण. मग मान खाली घातली आणि धागा तिसऱ्या चौकटीतून ओढला.

माझ्या अंगाचा भडका उडाला. म्हणजे कळलं होतं! चूक आहे हे कळूनही ओढला! माझा संशय शंभर टक्के खरा होता, हे मुद्दाम करत होते. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुरावा गेला असता. संध्याकाळपर्यंत मी आणखी दोनदा चुकीचा आकडा म्हटला. दोन्ही वेळा हुक थांबला, दोन्ही वेळा यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओढला.

घरी जाताना रिक्षात माझा राग उतरला आणि भीती वाटायला लागली. चुकलेले धागे सुधारायचे तर नंतरचे सगळे उपसावे लागणार होते, आणि का, ते मेहताजीला सांगावं लागणार होतं. मी स्वतःची समजूत घातली. हजारो धाग्यांत तीन. कोणाला दिसतंय. उद्या हे कबूल होतील, मग बघू.

हे कबूल झाले नाहीत. कबूल करायला काही नव्हतंच, हे मला कुठे ठाऊक होतं.

लूम चालू झाल्यावर मेहताजीने आम्हाला बोलावलं. पहिले दोन वार कापड त्याने ट्यूबलाइटसमोर ताणून धरलं. तीन रेघा. एक कडेजवळ आणि दोन एकमेकींजवळ. मेहताजी माझ्याकडे बघत होता, कारण आकडे मी म्हणत होते हे त्याला माहीत होतं. माझं तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. हे म्हणाले, "ती बरोबर सांगत होती. चूक माझी आहे."

यांनी आपला हुक रुमालात गुंडाळला. आणि आम्ही निघालो. मागून कोणी मास्तर म्हणून हाक मारली नाही.

तीन दिवस हे खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होते. पुन्हा जेवण सुटतंय की काय असं वाटलं आणि मी एकटीच डॉक्टरकडे गेले. रांग मोडून आत घुसले. म्हटलं, "तुमचा पेशंट ढोंग करतो. किंवा तुमचं औषध ढोंग करतं. दोघांतलं एक सांगा."

त्याने सगळं ऐकून घेतलं. साबुदाणा, दूध, सात वर्षांपूर्वीचं डिझाइन, सगळं. रेघांचं मी अर्धंच सांगितलं. मग तो अगदी सहज म्हणाला, "ढोंग नाही. या आजारात असं होतं. मन आधी सुधारतं, लक्ष आणि आठवण मागून येतात. जुनं राहतं, नवं टिकत नाही. चालू कामात मध्ये कोणी बोललं की धागा तुटतो. काहींचं काही महिन्यांत परत येतं, काहींचं थोडं राहून जातं."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत?"

"हे माहीतच असतं."

"मग पहिल्यासारखा का म्हणालात?"

तो हसला. वाईट हसला असं नाही, दमलेला माणूस हसतो तसा. "पेशंटला धीर द्यावा लागतो. आणि तुम्ही विचारलं नाहीत."

तुम्ही विचारलं नाहीत! मी साडी विकते तेव्हा ती पूर्ण उघडते. आतल्या घडीत डाग असला तर त्यावर बोट ठेवून दाखवते आणि मग भाव बोलते. गिऱ्हाइकाने विचारायची वाट बघत नाही, कारण घडी त्याच्या हातात नसते, माझ्या हातात असते. मी त्या डॉक्टरला हे सगळं ऐकवलं. बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. तो म्हणाला, "बेन, आवाज खाली." मी म्हटलं, "आठ महिने खालीच होता."

घरी येऊन मी यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. की आकडे मी चुकीचे म्हटले. तिन्ही. मुद्दाम.

मला वाटलं, आता हात उचलतील, आणि खरं सांगते, उचलला असता तर मला सोपं गेलं असतं. मग हे हळू म्हणाले, "माले वाटनं व्हतं."

"काय वाटलं होतं?"

"तू तीन म्हणालीस तेव्हा वाटलं, हा दोन आहे. तिन्ही वेळा वाटलं. तुझ्याकडे बघितलं, तू काहीच बोलली नाहीस. मग म्हटलं, आता चुकणारा तर मीच आहे ना. ही कशाला चुकेल?"

यांची गिनती तिथे शाबूत होती. त्या तीन जागी तरी होती. पण स्वतःच्या डोक्यावरचा यांचा विश्वास गेला होता, आणि तो घालवण्यात चार-पाच महिने रोज ओरडून मी मदत केली होती. "परत सांग" म्हटल्यावर मी आवाज चढवायचे, तो प्रत्येक आवाज त्या हुकाच्या मागे उभा होता.

मी मेहताजीकडे जाऊन खरं सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "बेन, कापड कोणाच्या चुकीने बिघडलं हे शेठ विचारत नाही." यांना परत घेतलं नाही. पुढे भेस्तानलाच एका छोट्या कारखान्यात साधं कापड भरायचं काम मिळालं, एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. तिथे नक्षी नसते. हे ते नीट करतात. वर्षभराने बरंच सुधारलं. आता हिंग आणायला पाठवलं तर हिंगच येतो. पण नक्षीचं बीम यांनी पुन्हा हातात घेतलं नाही, कोणी देऊ केलं तेव्हाही नाही. घरात एखादी गोष्ट ठाम सांगायची वेळ आली की हे आजही आधी माझ्या तोंडाकडे बघतात. ते बघणं मी रोज सोसते. माझ्या वाट्याचं मी देते आहे.

तुमच्या वाट्याचं, डॉक्टर? तुम्हाला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? बरं वाटल्यावरही काही दिवस डोकं साथ देणार नाही, त्याला खोटं ठरवू नका, एवढंच. तुमच्या दवाखान्यातल्या बाकावर आज दुसरा कोणी माणूस बसला असेल आणि शेजारी त्याची बायको. तिला काय सांगून घरी पाठवलंत? मला याचं उत्तर पाहिजे, आणि ते तिच्यासमोर पाहिजे.